कलादानच्या खोऱ्यातील आफ्रिकी पलटणी

दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेशाची मोहीम मराठी वाचकाला परिचित असते ती प्रामुख्याने इम्फाळ-कोहिमाच्या लढाया आणि आझाद हिंद सेनेची आगेकूच या दोन संदर्भांतून. त्याच सुमारास, या रणभूमीच्या दक्षिणेला असलेल्या आराकानच्या डोंगराळ किनारपट्टीत, नायजेरिया, गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, सिएरा लिओन आणि गॅम्बिया या चार ब्रिटिश वसाहतींतून आलेल्या दोन डिव्हिजन जपानी सैन्याशी लढत होत्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. डिव्हिजन म्हणजे स्वतःचे पायदळ, तोफा, अभियंते, वैद्यकीय पथके आणि पुरवठा यांसह स्वतंत्रपणे लढू शकणारे हजारो सैनिकांचे दल. ८१ वी आणि ८२ वी पश्चिम आफ्रिकी डिव्हिजन ही अशी दोन दले होती, आणि ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेचे पायदळ स्वतःच्या खंडाबाहेर एवढ्या मोठ्या संख्येने लढण्याची ती पहिलीच वेळ होती. ब्रह्मदेशात लढलेल्या, जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेला ‘विसरलेली सेना’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण त्या सेनेच्या इतिहासग्रंथांतही या पलटणींच्या वाट्याला सहसा काही ओळीच येतात. हे विस्मरण अपघाताने झालेले नाही. ज्या वांशिक कल्पनांच्या आधारे हे सैन्य उभारले गेले त्याच कल्पनांनी पुढे त्याच्या कामगिरीचे मोल ठरवले, आणि म्हणून या मोहिमेची हकिगत कलादान नदीपासून सुरू न करता नायजर नदीपासून सुरू करावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नायजरच्या खोऱ्यात ब्रिटिश आणि फ्रेंच यांची वसाहतींसाठी चढाओढ चालू असताना, तत्कालीन वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी फ्रेडरिक लुगार्ड या अधिकाऱ्याकडे स्थानिक लोकांची फौज उभारण्याचे काम सोपवले. १८९७-९८ मध्ये सुरू झालेल्या या फौजेत काही वर्षांतच चारही वसाहतींमधील जुनी सशस्त्र पोलीस दले सामील करण्यात आली आणि ‘वेस्ट आफ्रिकन फ्रंटियर फोर्स’ हे सरहद्दीचे सैन्य आकाराला आले. १९२८ मध्ये त्याच्या नावामागे ‘रॉयल’ हे बिरुद लागले. फौजेचा पैसा वसाहतींच्या तिजोरीतून येई, अधिकारी ब्रिटिश सैन्यातून काही वर्षांच्या बोलीवर येत आणि शिपाई आफ्रिकी असत. आरंभीच्या भरतीत गुलामगिरीतून पळालेले किंवा सोडवलेले पुरुष बरेच होते, कारण ज्यांना गाव, जमीन आणि गोताचा आधार उरलेला नव्हता त्यांच्यासाठी सैन्य हाच आसरा होता. याच शिपायांकडून ब्रिटिशांनी १९०३ मध्ये कानो आणि सोकोटो जिंकून उत्तर नायजेरियातील मोठी मुस्लिम सत्ता संपवली. परकी राज्य स्थानिकांच्याच हातांनी उभे करण्याची ही पद्धत भारतीय वाचकाला नवी नाही.

भरतीचे तत्त्वही ओळखीचेच होते. किनाऱ्यालगतच्या प्रदेशात मिशनच्या शाळा होत्या, व्यापार होता, इंग्रजी वाचणारे आणि वर्तमानपत्रे चालवणारे लोक होते. अशा लोकांना सैन्यासाठी अयोग्य ठरवून उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील, बहुधा निरक्षर, शेतकरी आणि गुराखी जमातींना ‘लढाऊ’ मानले गेले. हौसा ही उत्तरेकडील व्यापाराची बोली असल्यामुळे तीच फौजेची भाषा झाली, आणि ब्रिटिश अधिकाऱ्यालाही तिची परीक्षा द्यावी लागे. भारतात याच लढाऊ जमातींच्या सिद्धान्तामुळे १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली होती, आणि महायुद्धाची गरज भासताच १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी करावी लागली. पश्चिम आफ्रिकेतही तेच घडले. यांत्रिक युद्धाला चालक, बिनतारी संदेशवाहक, कारकून, दुरुस्ती कारागीर आणि वैद्यकीय मदतनीस लागू लागले, तेव्हा दक्षिणेकडील ज्या शिकलेल्या तरुणांना आजवर दूर ठेवले होते त्यांच्याच दारी सैन्याला जावे लागले. गरज संपेपर्यंतच टिकणाऱ्या सिद्धान्ताला सिद्धान्त म्हणणे कठीण आहे, पण त्याचे परिणाम मात्र टिकले.

पहिल्या महायुद्धात या फौजेने आपली क्षमता दाखवून दिली होती. ७ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर तिसऱ्या दिवशी, टोगोलँड या जर्मन वसाहतीत शिरताना गोल्ड कोस्ट रेजिमेंटच्या अल्हाजी ग्रुन्शी यांनी बंदूक झाडली, आणि ती त्या युद्धात ब्रिटिश सेनेतील सैनिकाने जमिनीवरून झाडलेली पहिली गोळी मानली जाते. बेल्जियममध्ये ब्रिटिश फौजेची पहिली गोळी सुटली त्यानंतर पंधरा दिवसांनी. टोगोलँडमधील कामिना येथे जर्मनीचे अतिशय शक्तिशाली बिनतारी केंद्र होते, आणि ते नष्ट करून २६ ऑगस्टला जर्मनांनी शरणागती पत्करली. पुढे कॅमेरूनची मोहीम १९१६ पर्यंत आणि पूर्व आफ्रिकेची त्याहूनही पुढे चालली. या मोहिमांत शिपायांहून कितीतरी जास्त माणसे ओझी वाहणारी होती, आणि आजाराने व उपासमारीने मेलेल्या या भारवाहकांची नावे बहुतेक ठिकाणी कोरलीच गेली नाहीत. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच अहवालात मान्य केले की पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या किमान १,१६,००० आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेतील माणसांची, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची, नावानिशी किंवा मुळीच नोंद ठेवली गेली नव्हती.

दोन युद्धांच्या दरम्यान ही फौज पुन्हा आक्रसली. १९३९ मध्ये तिच्यात सुमारे ८,००० माणसे होती, शिपाई बहुधा अनवाणी संचलन करीत आणि वसाहतीतील बंडाळी मोडणे एवढेच त्यांचे काम उरले होते. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला आणि चित्र एका महिन्यात पालटले, कारण चारही ब्रिटिश वसाहतींना वेढून असलेल्या फ्रेंच वसाहती आता बहुतांशी जर्मनांशी तडजोड केलेल्या विशी सरकारच्या ताब्यात गेल्या, आणि शेजारी असलेला दोस्त रातोरात संभाव्य शत्रू झाला. जनरल जॉर्ज गिफर्ड यांच्या हाताखाली पश्चिम आफ्रिकेचे स्वतंत्र सेनापतीपद निर्माण करून मोठी भरती सुरू झाली, आणि युद्धाच्या अखेरीस या सैन्यात सुमारे दीड लाख माणसे होती. अधिकाऱ्यांचा तुटवडा इतका होता की पराभूत पोलंडमधून ब्रिटनमध्ये आश्रयाला आलेल्या सुमारे २७० पोलिश अधिकाऱ्यांना १९४१ मध्ये या पलटणींवर नेमण्यात आले. आफ्रिकी माणसांना अधिकारी करण्याचा पर्याय मात्र जवळजवळ कोणी मनावर घेतला नाही. गोल्ड कोस्टचे शिक्षक सेथ अँथनी हे त्याला अपवाद ठरले. सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन १९४२ मध्ये ते ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेतील पहिले आफ्रिकी सनदी लष्करी अधिकारी झाले, ब्रह्मदेशात लढले आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

ही भरती किती स्वेच्छेची होती हा प्रश्न सोपा नाही. कागदोपत्री बहुतेक शिपाई आपखुशीने आलेले होते, परंतु प्रत्यक्षात ब्रिटिश जिल्हाधिकारी गावप्रमुखांना माणसांचा आकडा सांगत, आणि आपले स्थान सांभाळू पाहणारा प्रमुख तो आकडा गरीब घरांतून, आश्रितांतून आणि नकोशा झालेल्या माणसांतून पुरा करी. कारागीर आणि वाहनचालक यांच्यासाठी तर सक्तीचे कायदेच केले गेले. त्याचबरोबर नियमित पगार, जग पाहण्याची ओढ, एखादा हुन्नर शिकण्याची संधी आणि मुसोलिनीने १९३५ मध्ये इथिओपियावर केलेल्या आक्रमणाचा संताप, या कारणांनी स्वतःहून पुढे आलेले तरुणही पुष्कळ होते. एकाच पलटणीत ही सर्व प्रकारची माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि त्यांना एकाच हेतूने बांधलेले समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

इथिओपियाच्या त्या संतापाला वाट मिळाली ती १९४१ च्या आरंभी. नायजेरिया आणि गोल्ड कोस्टच्या एकेका ब्रिगेडने, म्हणजे तीन बटालियनच्या दलाने, केनियातून इटालियन सोमालीलँडवर चाल केली, ज्युबा नदी ओलांडली, आणि २५ फेब्रुवारीला नायजेरियन सैनिक मोगादिशूत शिरले. तेथून इथिओपियातील जिजिगापर्यंतचे सुमारे १,२०० किलोमीटर अंतर त्यांनी सतरा दिवसांत तोडले, मार्डा खिंडीतील इटालियन ठाणी घेतली आणि २६ मार्चला हरारमध्ये प्रवेश केला. एका आफ्रिकी राजाचे युरोपीय सत्तेने हिरावलेले राज्य परत मिळवून देण्यात आफ्रिकी शिपायांचा हा वाटा होता, आणि पश्चिम आफ्रिकेतील वर्तमानपत्रांनी तो अभिमानाने छापला.

या पलटणी ब्रह्मदेशात कशा पोहोचल्या, त्याचे उत्तर बरेचसे गिफर्ड यांच्या कारकिर्दीत आहे. पश्चिम आफ्रिकेतील पद सोडून १९४३ मध्ये ते भारतात पूर्वेकडील सेनेचे प्रमुख झाले. १९४२-४३ मधील आराकानच्या पहिल्या मोहिमेत मोटारींवर अवलंबून असलेली ब्रिटिश-भारतीय फौज रस्ते नसलेल्या मुलखात अडकून पडली होती आणि जंगलातून वळसा घालणाऱ्या जपान्यांपुढे हरली होती. चाकाशिवाय चालणारे सैन्य हवे होते, आणि गिफर्ड यांना ते कोठे मिळेल हे ठाऊक होते. पश्चिम आफ्रिकी फौजेच्या रचनेतच भारवाहकांचा समावेश होता. प्रत्येक ब्रिगेडबरोबर साहाय्यक गट असे, त्यातील गणवेशधारी आणि बहुधा निःशस्त्र शिपाई सुमारे १८ किलोचे ओझे डोक्यावर घेऊन चालत, आणि घोडा किंवा खेचरही जाऊ शकणार नाही अशा चढावर तोफगोळे, बिनतारी यंत्रे, तांदूळ आणि जखमी माणसे नेत असत.

मार्च १९४३ मध्ये मेजर जनरल ख्रिस्तोफर वूलनर यांच्या हाताखाली ८१ वी डिव्हिजन नायजेरियात उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर पिवळ्या पार्श्वभूमीवर काळा कोळी होता. गोल्ड कोस्टमधील अकान लोकांच्या कथांत आनान्सी हा कोळी आपल्याहून बलाढ्य प्राण्यांना युक्तीने नामोहरम करतो. नंतर उभ्या राहिलेल्या ८२ व्या डिव्हिजनच्या बिल्ल्यावर भारवाहकाच्या डोक्यावरील चुंबळ आणि तिच्यातून आरपार गेलेले दोन भाले होते. लष्करी चिन्हांच्या दुनियेत सिंह, गरुड आणि तलवारी यांची गर्दी असते, तिथे ओझे वाहणाऱ्याच्या चुंबळीला मिळालेला हा मान फार बोलका आहे. ऑगस्ट १९४३ पासून ८१ व्या डिव्हिजनचे सैनिक भारतात येऊ लागले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मुंबई बंदरात उतरलेल्या या माणसांना उपखंडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचा लांबलचक रेल्वेप्रवास घडला आणि बंगालमधील दुष्काळाच्या वर्षीच ते चितगावच्या दिशेने निघाले.

आराकानचा भूगोल समजल्याशिवाय पुढची मोहीम समजत नाही. समुद्राला समांतर अशा डोंगररांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या, त्यांच्यामधून वाहणाऱ्या नद्या, त्यांपैकी किनाऱ्याजवळ मायू आणि तिचा वरचा प्रवाह कलापांझिन, आणि आणखी पूर्वेला, डोंगरांच्या पलीकडे, कलादान. उतारांवर बांबूचे घनदाट रान, तळाशी भातखाचरे आणि खाड्या, आणि मे ते ऑक्टोबर असा पाऊस की वर्षाकाठी सुमारे पाच मीटर पाणी पडावे. ब्रिटिशांची मुख्य फौज मायूच्या दोन्ही बाजूंनी दक्षिणेकडे सरकणार होती, आणि तिच्या डाव्या बगलेचे रक्षण करीत कलादानच्या खोऱ्यातून खाली उतरण्याचे काम ८१ व्या डिव्हिजनकडे आले. तेथे पोहोचण्यासाठी आधी वाटच नव्हती. चिरिंगापासून डोंगर ओलांडून कलादानकाठच्या दालेतमेपर्यंत सुमारे १२० किलोमीटरची जीप जाईल अशी वाट या सैनिकांनी मुख्यतः कुदळी, फावडी आणि कोयते यांच्या बळावर जानेवारी १९४४ च्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत, कोरून काढली, आणि सैन्यात ती ‘वेस्ट आफ्रिकन वे’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

खोऱ्यात उतरल्यावर मागचा सगळा पुरवठा आकाशातून होऊ लागला. एखादी संपूर्ण पायदळ डिव्हिजन महिनोन्महिने केवळ विमानांनी टाकलेल्या शिध्यावर आणि दारूगोळ्यावर लढती ठेवण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयोग होता, आणि इम्फाळच्या वेढ्यात ज्या पद्धतीने भारतीय-ब्रिटिश फौज तगली तिचे धडे काही अंशी येथे गिरवले गेले. मात्र छत्रीने टाकलेली पेटी जिथे पडते तिथे लढाई होत नसते. पडलेला माल झाडीतून गोळा करणे, तो पलटणींपर्यंत नेणे, जखमींना परत आणणे आणि डकोटा विमाने उतरू शकतील अशा धावपट्ट्या भातखाचरांचे बांध फोडून तयार करणे, ही सारी कामे भारवाहकांनी केली. विमानाने पुरवठा होणे ही आधुनिकता होती आणि डोक्यावरचे ओझे ही जुनाट पद्धत होती, अशी विभागणी लष्करी इतिहासकार सहज करून टाकतात. कलादानमध्ये पहिली गोष्ट दुसरीच्या खांद्यावर उभी होती.

या वेळी डिव्हिजनकडे दोनच ब्रिगेड होत्या. नायजेरियन सैनिकांची तिसरी ब्रिगेड ऑर्ड विंगेट यांच्या ‘चिंडिट’ दलाला, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला विमानाने उतरून रसद तोडणाऱ्या दलाला, देण्यात आली होती. तिच्या बटालियनांनी उत्तर ब्रह्मदेशात मावलू येथील ‘व्हाइट सिटी’ या रेल्वेमार्ग अडवणाऱ्या ठाण्यावर एप्रिल १९४४ मधील जपान्यांचे लागोपाठचे हल्ले इतरांच्या बरोबरीने झेलले, आणि पावसाळा सुरू झाल्यानंतरही मोगाउंगच्या खोऱ्यात त्या लढत राहिल्या. चिंडिटांविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्यांतील नायजेरियन माणसे वाचकांसमोर आली ती मुख्यतः बियी बांदेले यांच्या ‘बर्मा बॉय’ या कादंबरीतून.

कलादानमधील दोन ब्रिगेड फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस क्याउकटॉपर्यंत पोहोचल्या. आता दक्षिणेला आराकानची जुनी राजधानी म्योहाउंग, म्हणजे म्रौक-ऊ, टप्प्यात आली होती. परंतु कर्नल कोबा यांच्या जपानी तुकडीने नदीच्या पूर्वेकडून वळसा घालून १ व २ मार्चला नदीकाठचा मोक्याचा पॅगोडा डोंगर घेतला, तो परत घेण्याचे प्रयत्न फसले आणि वूलनर यांना माघार घ्यावी लागली. टीकाकारांनी ही माघार आफ्रिकी सैन्याच्या खात्यावर मांडली. वास्तविक दोन ब्रिगेडचे, मोठ्या तोफा नसलेले, चाळीस-पन्नास मैलांवर विखुरलेले दल त्या टोकापर्यंत पाठवणे हा वरिष्ठांचा निर्णय होता, आणि या दलामुळे जपान्यांना आपली माणसे मुख्य आघाडीवरून खेचून कलादानकडे वळवावी लागली, हेच त्याला नेमून दिलेले काम होते.

त्याच २ मार्चच्या सकाळी, नदीकाठी थांबलेल्या एका वैद्यकीय पथकावर जपान्यांनी अचानक गोळीबार केला. जखमींवर तातडीचे उपचार करून त्यांना मागे पाठवणारे हे पथक होते, आणि त्यात पश्चिम नायजेरियातील एमुरे-इले गावचा आयझॅक फडोयेबो हा कोवळा मदतनीस होता; तो सोळाव्या वर्षी सैन्यात आला होता. मांडीचे हाड मोडलेला फडोयेबो आणि सिएरा लिओनचा एक जखमी सहकारी मागे राहिले, आणि शत्रूच्या ताब्यातील त्या मुलखात स्थानिक मुस्लिम, म्हणजे आज रोहिंग्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, शेतकऱ्यांनी त्यांना नऊ महिने अन्न दिले आणि लपवले. जपान्यांना सुगावा लागता तर आसरा देणाऱ्या कुटुंबाची धडगत नव्हती. डिसेंबर १९४४ मध्ये सैन्य त्या भागात परतले तेव्हा दोघेही जिवंत सापडले. फडोयेबो यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, आणि सेनापतींच्या ग्रंथांनी भरलेल्या या विषयात एका साध्या आफ्रिकी शिपायाने स्वतः लिहिलेले ते दुर्मीळ कथन आहे. ब्रिटिश पत्रकार बार्नबी फिलिप्स यांनी त्यावरून चित्रपट आणि पुस्तक केले, आणि फडोयेबो यांचे आभाराचे पत्र त्या कुटुंबाच्या वारसांपर्यंत आराकानात नेऊन पोहोचवले. २०१२ मध्ये फडोयेबो वारले. ज्या खोऱ्यात त्यांना आसरा मिळाला तेथून पुढे आसरा देणाऱ्यांच्याच समाजाला परागंदा व्हावे लागले, ही गोष्ट या हकिगतीपासून वेगळी ठेवता येत नाही.

पावसाळा संपताच डिव्हिजन त्याच खोऱ्यात दुसऱ्यांदा उतरली, या वेळी मेजर जनरल लॉफ्टस-टॉटनहॅम यांच्या हाताखाली. पश्चिमेला ८२ व्या डिव्हिजनने कलापांझिनच्या खोऱ्यातून बुथिदाउंगच्या परिसरात प्रवेश केला आणि मग डोंगर ओलांडून तीही कलादानकडे वळली. दोन्ही डिव्हिजनच्या रेट्याखाली २५ जानेवारी १९४५ पर्यंत म्योहाउंग पडले. आराकानच्या राजांनी तीन शतकांहून अधिक काळ जिथून राज्य केले, ते मंदिरांनी आणि तटबंद्यांनी भरलेले शहर पश्चिम आफ्रिकी पायदळाने घेतले. याच आठवड्यात ब्रिटिश कमांडो आणि भारतीय पलटणी समुद्रमार्गे कांगॉ येथे उतरल्या आणि जपान्यांचा परतीचा रस्ता त्यांनी अडवला. कांगॉची लढाई व्हिक्टोरिया क्रॉसमुळे आणि कमांडोंच्या कीर्तीमुळे इतिहासात गाजली. पण कांगॉला रस्ता अडवण्यात अर्थ होता तो उत्तरेकडून आफ्रिकी सैनिक जपान्यांना त्या रस्त्यावर ढकलत होते म्हणून. ऐरण जितकी महत्त्वाची तितकाच हातोडा, आणि ग्रंथांतून हातोडा मात्र गळाला. एकाही पश्चिम आफ्रिकी सैनिकाला त्या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला नाही. त्यानंतर ८१ वी डिव्हिजन भारतात मद्रासजवळ विश्रांतीला गेली, तर ह्यू स्टॉकवेल यांच्या हाताखालील ८२ वी तामांडू, आन आणि लेटमाउक या ठाण्यांसाठी झुंजत, नंतर ताउंगुपच्या दिशेने, थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत लढत राहिली.

स्लिम यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मकथनपर ग्रंथात या डिव्हिजनांना फारशी जागा दिलेली नाही, परंतु एक निरीक्षण नोंदवले आहे: भारतीय बटालियनच्या तुलनेत पश्चिम आफ्रिकी बटालियनमध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि हवालदारांची संख्या फार होती, आणि त्यामुळे आफ्रिकी शिपायाच्या पुढाकाराला वाव उरत नव्हता. निरीक्षण नेमके आहे. आफ्रिकी माणूस स्वतःहून नेतृत्व करू शकत नाही असे मानून त्याच्या डोक्यावर गोरे हवालदार बसवायचे, आणि मग तो पुढाकार घेत नाही अशी तक्रार करायची, असे हे चक्र होते. घनदाट रानात गस्त घालताना अधिकारी पडल्यावर आफ्रिकी नायक आणि हवालदारांनीच तुकड्या सांभाळल्या. पदके मिळाली, हुद्दे मिळाले नाहीत.

हाच भेद पगारात होता, शिध्यात होता आणि शिक्षेतही होता. भारतीय सैन्यात फटक्यांची शिक्षा फार पूर्वी बंद झाली असताना आफ्रिकी वसाहतींच्या फौजांत ती दुसरे महायुद्ध संपल्यानंतरही, १९४६ पर्यंत, चालू राहिली. युद्धानंतरचे बक्षीस ठरवताना हुद्द्याबरोबर कातडीचा रंगही पाहिला गेला, आणि गोऱ्या सैनिकाच्या तुलनेत आफ्रिकी सैनिकाच्या पदरात त्याचा लहानसा हिस्सा पडला. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपल्यावरही बोटींच्या टंचाईमुळे हे सैनिक कित्येक महिने, काही तर १९४६ उजाडल्यानंतरही, भारतातील छावण्यांत खोळंबून राहिले. ब्रिटिश सत्तेला उघड आव्हान देणारा त्या वर्षीचा भारत त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

घरी परतलेल्यांना नोकऱ्या नव्हत्या, महागाई होती, आणि दिलेली आश्वासने विरून गेली होती. गोल्ड कोस्टमध्ये आयात मालाच्या चढ्या किमतींविरुद्ध १९४८ च्या आरंभी बहिष्काराचे आंदोलन झाले. रोगट कोको झाडे तोडण्याच्या सरकारी मोहिमेने शेतकरीही संतापलेले होते. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अक्रा शहरात माजी सैनिकांनी आपले गाऱ्हाणे गव्हर्नरपुढे मांडण्यासाठी मोर्चा काढला. ठरवून दिलेला मार्ग सोडून मोर्चा गव्हर्नरांच्या ख्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे वळला, तेव्हा पोलीस अधिकारी कॉलिन इमरे यांनी शिपायाच्या हातची बंदूक घेऊन स्वतः गोळ्या झाडल्या. सार्जंट अजेटी, कॉर्पोरल अटिपो आणि शिपाई ओडार्टे लाम्प्टे हे तीन माजी सैनिक जागीच ठार झाले. पुढच्या काही दिवसांतील दंगलीत एकूण २९ माणसे मेली, क्वामे एन्क्रुमा यांच्यासह सहा नेत्यांना अटक झाली आणि चौकशीसाठी नेमलेल्या वॉटसन आयोगाने नव्या राज्यघटनेची शिफारस केली. नऊ वर्षांनी, ६ मार्च १९५७ रोजी, घाना स्वतंत्र झाला.

ब्रह्मदेशातून परतलेल्या सैनिकांनीच आफ्रिकेत राष्ट्रवाद पेरला, असे यावरून दीर्घकाळ मानले गेले. जी. ओ. ओलुसान्या या नायजेरियन इतिहासकाराने १९६८ मध्येच, आणि नंतर डेव्हिड किलिंग्रे यांनी विस्ताराने, या समजुतीची तपासणी केली. बहुसंख्य सैनिक आपल्या गावी, शेतीकडे आणि किरकोळ व्यापाराकडे परतले, राजकीय पक्षांच्या नेतृत्वात त्यांचा वाटा अल्प होता आणि त्यांच्या मागण्या प्रामुख्याने निवृत्तिवेतन आणि रोजगार यांविषयी होत्या, असे त्यांना आढळले. ही दुरुस्ती योग्य आहे, तरी अक्राच्या चौकातील ती घटना तिच्यात पूर्णपणे सामावत नाही. राजकारण न करणाऱ्या माणसांनी शांतपणे मागितलेल्या देण्यावर गोळी झाडली गेली, म्हणूनच तिचा परिणाम एखाद्या पक्षाच्या मोर्चापेक्षा मोठा झाला.

स्वतंत्र झालेल्या देशांनी मात्र ही मोहीम स्वतःच्या सैन्याचा वारसा म्हणून जपली. घानाच्या सेनेचे मुख्यालय अक्रामधील बर्मा कॅम्पमध्ये आहे, सिएरा लिओनच्या सैन्यात म्योहाउंगचा दिवस साजरा होत आला, लागोसच्या आपापा बंदराजवळ आराकान बराक आहेत, कादुनात कलापांझिन आणि इबादानमध्ये लेटमाउक या नावाच्या छावण्या आहेत. आराकानातील दोदान या ठाण्याचे नाव घेतलेल्या लागोसच्या दोदान बराकमधून १९६६ पासून राजधानी अबुजाला हलेपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, नायजेरियाच्या बहुतेक लष्करी राज्यकर्त्यांनी देशाचा कारभार पाहिला.